होडीसाठी घेतलेली गाडी

बाबा गेल्यानंतर सातव्या आठवड्यात मी व्हॅन वजनकाट्यावर घातली. काटेवाल्याने काचेमागून आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि विचारलं, "आत काय भरलंय, ताई? दगड?"

"काही नाही. रिकामी आहे."

तो बाहेर आला, मागचं दार उघडून आत डोकावला आणि गप्प झाला. बाबांचं काम पाहिलं की माणसं आधी गप्प होतात आणि मग लाकडाला हात लावतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यानेही लावला.

"कुणी केलंय हे?"

"वडिलांनी."

"छान हात आहे त्यांचा."

"होता" असं मी म्हटलं नाही. ती एक दुरुस्ती केली असती तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि मी दमले होते. त्याने दिलेली चिठ्ठी घेतली. तीन हजार एकशे दहा किलो.

चिठ्ठी घेऊन मी गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री एका गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी आकडा सांगितला. पाय हलायचे थांबले.

"किती?"

मी पुन्हा सांगितलं. तो सरकत बाहेर आला, हात पुसले आणि व्हॅनचं पुढचं दार उघडून खाली वाकला. दाराच्या खांबावर कंपनीने ठोकलेली एक छोटी पत्र्याची पट्टी असते. गाडीने स्वतः किती वजन घ्यायचं आणि मागे ओढायचं धरून एकूण किती, ते आकडे त्यावर कोरलेले असतात. बाबांनी त्या खांबालाही लाकडाचं अस्तर लावलं होतं. पण पट्टी झाकली नव्हती. तिच्या मापाची खिडकी कापून, फोटोला करतात तशी बारीक चौकट केली होती. चारी कोपरे पंचेचाळीस अंशांत जुळवलेले.

"बघा," मिस्त्री म्हणाला. "चौकट केली, आकडा नाही वाचला. साडेतीन टन, ताई. गाडी, माणसं, सामान, मागचा ट्रेलर, सगळं मिळून. काकूंची होडी नि ट्रेलर साडेपाचशेला जातो. म्हणजे तुम्ही दोघी घरी बसून गाडी एकटी पाठवलीत तरी दीडशे किलो जास्त होतंय."

"आणि आम्ही बसलो तर?"

"तुम्ही, काकू, पाणी, डिझेल, भांडीकुंडी. चारशे किलो उतरवावंच लागेल. त्याशिवाय ओढायचा परवाना मिळायचा नाही. आणि मिळाला तरी मी तुम्हाला घाटात पाठवणार नाही. ब्रेक जुने आहेत, ते एवढं ऐकणार नाहीत." तो उभा राहिला. "मी सुतारकाकांना सांगितलं होतं, प्लायवूड लावा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावा. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. नाकापेक्षा मोती जड झालाय बघा."

परवान्यासाठीच्या तपासणीची तारीख नऊ दिवसांवर होती. माझी रजा अजून तीन आठवडे होती. त्यानंतर मला ग्रंथालयात कामावर हजर व्हायचं होतं, सहाशे किलोमीटर लांब. आईला गाडी चालवता येत नाही. आईने ठरवलेल्या तलावावर होडी घेऊन जायचं तर याच तीन आठवड्यांत जायचं होतं, नाहीतर आई कधीच जाणार नव्हती. हे आम्ही दोघीही जाणून होतो आणि एकमेकींना सांगत नव्हतो.

आई नदीकाठच्या गावात वाढली. तिचे वडील नावाडी होते. लग्न होऊन ती या शहरात आली, त्यानंतर एकेचाळीस वर्षांत तिने वल्ह्याला हात लावला नाही, कारण बाबांना पाण्याची भीती वाटायची आणि सुट्टी घ्यायची त्याहून जास्त. दोन वर्षांपूर्वी मामाने तिकडची जागा विकली आणि घरची होडी ट्रेलरसकट आईकडे पाठवून दिली. ती आमच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. आमची छोटी कार तिला फाटकाबाहेरही ओढू शकली नाही. तेव्हा बाबा म्हणाले होते, "ओढणारी गाडी घेऊ. आत झोपायची सोय करतो. मग तू म्हणशील त्या पाण्यावर जाऊ." हे आईने मला त्या आठवड्यात फोनवर तीनदा सांगितलं. एक गोष्ट दोनदा सांगणारी बाई नाही ती.

गाडी घेतली ती एकोणीस वर्षांची डिझेल व्हॅन, आधी एका लॉन्ड्रीत कपडे वाहणारी. मिस्त्रीने दोन महिन्यांत आपलं काम संपवलं. इंजिनचा पट्टा बदलला, मागचे स्प्रिंगचे पाटे जाड केले, चासीला हुक बसवला, ट्रेलरच्या दिव्यांची वायर ओढली. "इंजिन म्हातारं आहे पण खोकत नाही," असं प्रमाणपत्रही दिलं. मग बाबा म्हणाले, आता आतलं तेवढं करतो.

ते आतलं तेवढं चौदा महिने चाललं. जमीन, भिंती, छत, पलंग, कपाटं, ओटा, सगळं भरीव लाकडाचं. एका शाळेची मोडीत निघालेली बाकं त्यांनी आणली होती. एकही स्क्रू नाही. स्क्रू घाईच्या माणसासाठी, असं ते म्हणायचे. एका फळीला जीभ, दुसऱ्या फळीला खाच, त्यात सरस आणि वरून लाकडाची खुंटी. मी सुट्टीत आले की पॉलिश पेपर घासायला बसायचे. प्लायवूडवरून मिस्त्रीशी वाजलं तेव्हा मीही तिथे होते आणि बाबांच्या बाजूने बोलले होते. "बाबा, प्लायवूड अजिबात लावू नका हं." हे मी मिस्त्रीला आता सांगितलं नाही. त्यालाही ते आठवत असणार. त्याने तो विषय काढला नाही, ही त्याची माणुसकी.

घरी आले तेव्हा आई लसूण सोलत होती. मी आकडे सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कधी काढतेस?"

"काय?"

"ते लाकूड."

"आई, ते निघत नाही. स्क्रू नाहीत त्यात. कापावं लागेल."

"मग काप."

मी म्हटलं, होडी न घेता जाऊ. पलंग आहे, ओटा आहे, पाण्याच्या काठावर राहू. तिथे एखादी होडी भाड्याने मिळेल.

"भाड्याची होडी घ्यायला मी काय सहलीला आलेली शाळकरी पोरगी आहे? ती पायाने मारायची बदकं असतात तिथे. तुला बसायचं असेल तर बस त्या बदकात."

"मग दुसरी गाडी बघू ओढायला."

"नऊ दिवसांत? तुझे बाबा गाडी बघायला लागले तेव्हा पाच महिने गेले होते."

मी चिडले. मी चिडते तेव्हा आवाज खाली जातो, बाबांसारखा. म्हटलं, "चौदा महिने खपले ते. शेवटचे चौदा महिने. तुला करवत लावायला काहीच वाटत नाही?"

आईने लसणाची साल एका बाजूला गोळा केली.

"वाटतं. न वाटायला काय झालं? पण तू एक बघ. तो पलंग केलाय ना, त्यावर चढायला मला स्टूल लागतं. एकदाच चढले, उतरवायला शेजारच्यांना बोलवायची वेळ आली. माप कोणाचं घेतलं? स्वतःच्या कंबरेचं. ओटाही तसाच. माझा हात पोचत नाही त्या मागच्या कप्प्यापर्यंत." तिने पुढची पाकळी सोलायला घेतली. "माझ्यासाठी करायला घ्यायचे आणि करता करता मलाच विसरायचे. आयुष्यभर. मी शिवणाचं टेबल मागितलं तेव्हा नाही का, नक्षीत आठ महिने गेले आणि तोवर माझं शिवण बंद पडलं. वाईट माणूस होता का? नाही. पण लाकूड हातात आलं की त्यांना घरात आपण दिसायचो नाही. तुला हे माहीत नाही, कारण तू त्यांच्या शेजारी बसून पेपर घासायचीस. तू लाकडाच्या बाजूला होतीस."

मी आयुष्यभर पुस्तकांत वावरले आहे, शोकावर लोकांनी काय काय लिहिलं आहे ते मला बरंच ठाऊक आहे. त्यातलं काहीही कामाला आलं नाही.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. दुपारी व्हॅनमध्ये जाऊन बसायचे. खोटं कशाला सांगू, निरोप घेत होते असं नाही. मी चुका शोधत होते. कुठे सांधा उघडलाय, कुठे फळी वाकलीय. एक जरी सापडली असती तर सोपं झालं असतं. छताच्या कोपऱ्यात पेन्सिलने केलेल्या त्यांच्या खुणा होत्या, पुसायच्या राहून गेलेल्या. बाकी काम निर्दोष होतं. निर्दोष, आणि चारशे किलो जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने होडीवरची ताडपत्री काढली. एकटीनेच. मी खिडकीतून पाहिलं तर ती होडीत बसली होती, ट्रेलरवर, अंगणात. वल्ही हातात धरून ती फक्त वजन बघत होती. मला पाहून तिने ती खाली ठेवली आणि "पाखरांनी घाण केलीय सगळी" म्हणत फडकं मागितलं.

मी फडकं दिलं आणि मिस्त्रीला फोन केला.

तो विजेची करवत घेऊन आला. पहिला काप मी घेईन असं मी म्हटलं होतं, पण करवत पलंगावर टेकवली आणि बटण दाबलंच नाही. त्याने ती माझ्याकडून घेतली. खुंट्या कुठे आहेत ते मात्र त्याला दिसत नव्हतं. बाबांनी त्या रेषेत रेष मिळवून लपवल्या होत्या. मला माहीत होत्या. म्हणून मी खडूने खूण करायची आणि त्याने कापायचं, असं ठरलं. दिवसभर मी खुणा केल्या.

"काय पक्कं केलंय हो," मिस्त्री घाम पुसत म्हणाला. "सुतारकाका, जरा सोडा की आता."

"नाही सोडायचे ते," आई बाहेरून म्हणाली. ती फळ्या घेऊन भिंतीशी रचत होती. "मी सांगून थकले."

आम्ही तिघंही हसलो. मग मिस्त्रीने करवत पुन्हा चालू केली. आवाजात रडलेलं कोणाला ऐकू जात नाही, ही एक सोय झाली.

पलंग गेला, ओटा गेला, भिंतींचं अस्तर गेलं, शेवटी छत. ते उतरवताना पेन्सिलच्या खुणा मधोमध कापल्या गेल्या. मी तिथे खडू लावला होता, दुसरीकडून ती फळी निघत नव्हती. दाराच्या खांबावरची छोटी चौकट मिस्त्रीने विचारली, ठेवायची का. तिचं वजन पावशेरही नसेल. आई म्हणाली, "तुमच्या ताईला विचारा." मी काढा म्हटलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी गाडी पुन्हा लॉन्ड्रीची गाडी झाली. आत बोललं की पत्रा घुमत होता. जमिनीवर आम्ही दोन गाद्या टाकल्या, एक घडीची शेगडी ठेवली, कपड्यांसाठी प्लास्टिकचे दोन डबे. आई आत जाऊन गादीवर बसली, उठली, पुन्हा बसली. "हे बरंय," म्हणाली. मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. थोडं लाकूड मिस्त्री घेऊन गेला, शेजारणीने दरवाजासाठी काही फळ्या मागितल्या, उरलेलं अजून भिंतीशी आहे.

परवाना मिळाला. दोन दिवस गाडी चालवली. चढावर ट्रेलर मागे खेचतो ते पाठीच्या मणक्यात कळतं. मी दोन्ही दिवस खांदे आवळून बसले होते आणि आई शेजारी नकाशा उलटा धरून रस्ता सांगत होती.

तलावाच्या उतारावर ट्रेलर मागे घ्यायला मला अकरा वेळा प्रयत्न करावा लागला. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, तो दर वेळी मान हलवायचा. शेवटी होडी पाण्याला लागली. आई चपला काढून आत चढली, बसली, वल्ही अडकवली आणि मारली. होडी जागच्या जागी फिरली. तिने शिवी दिली. नावाड्याच्या घरची शिवी होती, मी आधी कधी ऐकली नव्हती. पुन्हा मारली, पुन्हा फिरली. मागचं टोक गाळात रुतलं होतं.

"बघतेस काय?" ती माझ्यावर ओरडली. "उतर पाण्यात. धक्का दे."

मलाही पाण्याची भीती वाटते. ती मला कोणाकडून आली ते उघड आहे. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. पाणी थंड होतं आणि खालचा चिखल पाय धरत होता. दोन्ही हात होडीच्या कडेला लावून मी ढकललं. ती पटकन सुटली, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप सहज. आईने चार वल्ही मारली, पाचवं सरळ बसलं, आणि ती मागे न बघता निघाली.

मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. होडी लहान होत गेली, आणि मला कोणी हाकही मारत नव्हतं.