डिझेलच टाक

“डिझेल टाक. फुल,” रणधीर काचेबाहेर बोट काढून म्हणाला.

महेश्वरीने टाकीचं झाकण उघडलं आणि ती थांबली. उमरग्याजवळ हायवेवरच्या या पंपावर ती चौदा वर्षं तेल भरत होती. बुटकी, लाल, नको तेवढी पळणारी ही गाडी महिन्याभरात तीनदा येऊन गेली होती, आणि तिन्ही वेळा पेट्रोल भरून. झाकणाच्या आतला ‘पेट्रोल’ लिहिलेला स्टिकर मात्र आज कोणीतरी नखाने खरवडून काढला होता.

कारण शेजारच्या सीटवर आज रणधीरचे वडील होते. सास्तूरच्या दगडोबांनी गाडीला पैसे दिले ते एकाच अटीवर, की घ्यायची तर डिझेल. चिरंजीवांनी सहा महिने टपरीवर बसून पिकअप आणि ॲव्हरेजवर चर्चा झोडली. शेतातल्या मोटारीचं बटण कधी दाबलं नाही, पण इंजिनांवर बोलणं असं की कंपनीने यालाच विचारून ती बनवावीत! शेवटी पेट्रोल घेतली आणि घरी डिझेल म्हणून सांगितलं. म्हातारा अर्धा बहिरा, इंजिनाच्या आवाजातलं त्याला काय कळतंय? ही फुशारकी त्याने मित्रांपुढे मारली तीही इथेच, महेश्वरीच्या देखत. पंपावरच्या बाईलाही कान असतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

“दादा, डिझेलच?”

“व्हय की! कान फुटले का?” असं म्हणून त्याने हळूच डोळा मारला. तोंडाने डिझेल म्हण आणि पेट्रोल भर, असा त्याचा अर्थ.

महेश्वरीला शिसारी आली. चौदा वर्षांत तिच्या हातून एकाही गाडीत चुकीचं तेल गेलं नव्हतं, की कुणाला खोटं सांगितलं गेलं नव्हतं. तिने पेट्रोलचं नोझल उचललं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “पेट्रोल. झिरो बघा.”

“ए! डिझेल म्हन्लो ना?” रणधीर उडी मारून खाली उतरला. “कुठंय मॅनेजर? काढून टाका हिला!”

मॅनेजर धावत आला. गाडी कसली आहे हे त्याने विचारलंसुद्धा नाही. “महेश्वरी, कस्टमर सांगतंय ते टाक. न्हायतर उद्यापासून येऊ नको.”

रणधीर घामाघूम झाला होता, पण वडिलांकडे बघून पुन्हा ओरडला, “टाक डिझेल!”

“म्या न्हाय टाकनार. इंजिन जाईल.”

तेवढ्यात दगडोबा सावकाश खाली उतरले.

“माय, पेट्रोलच टाक. ट्रॅक्टरवर बसून कान अर्धे गेले माझे, बूड न्हाय गेलं. डिझेलचा हादरा मला कळंना व्हय? पहिल्या दिवशीच कळलं. बघत हुतो, ह्यो कुठवर जातोय.” मग मुलाकडे वळून म्हणाले, “एका बाईच्या भाकरीवर आलास की रं.”

ते पुन्हा गाडीत बसले नाहीत. टोपी सारखी करून एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. “अण्णा, ऐका तर!” म्हणत रणधीर चार पावलं मागे गेला आणि परत आला.

मॅनेजरने कामावरून काढलं नाही, पण कस्टमरला उलट बोलली म्हणून दुसऱ्या दिवसापासून महेश्वरीला हवेच्या मशीनवर बसवलं. आठवड्याने लाल गाडी तिच्यापुढे येऊन थांबली.

“साधी हवा का नायट्रोजन?” तिने विचारलं.

उत्तर देण्याआधी रणधीरने शेजारच्या सीटकडे पाहिलं. ती रिकामी होती.