पाच दातांची किल्ली

एक होती सासू, एक होती सून आणि एक होता सुनेचा नवरा. तो ट्रक घेऊन पंधरा पंधरा दिवस बाहेर. तिघं भाड्याने राहायची, तिसऱ्या मजल्यावर. त्या घराची मी किल्ली बोलतेय.

तुम्हाला दात आपोआप येतात. माझे पाच कुलूपवाल्याने कानशीने घासून काढले. वय झालं, पण एकही पडलेला नाही हो!

सून गुणाची, पण जीव सदा टांगणीला. एकदा तिच्या हातून दार उघडं राहिलं होतं. चोरीबिरी काही झाली नाही, कुठलंसं कुत्रं येऊन गादीवर ऐसपैस झोपलं, एवढंच. पण तेव्हापासून तिचं सुरू झालं, "लावलं ना कुलूप?" जिना उतरायची, परत चढायची, कुलूप ओढायची. कोपऱ्यावरून पुन्हा माघारी. तिच्या मुठीत मी घामाने भिजून जायची.

अशात तिला बाहुल्यांच्या कारखान्यात काम लागलं. बाहुल्यांचे डोळे रंगवायचे. तीन महिने बघणार, जमलं तर कायम. नवऱ्याची पाठ ट्रकने धरलेली. ही कायम झाली तरच तो ट्रक सोडणार होता.

पण हिचं चित्त थाऱ्यावर असेल तर ना! हात बाहुलीवर आणि जीव घराच्या कुलपाशी. एक दिवस मालकीणबाईंनी बाहुल्यांची रांग उचलून बघितली.

"बाई, या सगळ्या दाराकडे का बघतायत? कुणी यायचंय का?"

कामावरच्या सगळ्या बायका हसल्या. सूनही हसली, पण पर्समध्ये हात घालून तिने मला गच्च आवळलं.

"महिनाच उरलाय हं," मालकीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गंमत झाली. सासू रोज सकाळी पाळणाघरात पोरांना गोष्टी सांगायला जायची, दोघी बरोबरच निघायच्या. सुनेने कुलूप लावलं, सात वेळा ओढलं, जिना उतरली, परत वर येऊन आठव्यांदा ओढलं. तोच आतून आवाज आला.

"लागलंय गं बाई, पक्कं लागलंय! मी आतून सांगते!"

"अय्या, आई! तुम्ही आत?"

"चष्मा घ्यायला वळले तर कोंडलंस मला! आठ वेळा ओढलंस, मी आठ वेळा ओरडले. ऐकू येईल तर शपथ!"

सुनेने दार उघडलं आणि पायरीवरच बसली. आधी हसली, मग रडली. सासू शेजारी टेकली.

"कुलूप लावताना तू असतेस कुठे?"

"कारखान्यात."

"आणि कारखान्यात?"

"कुलपापाशी."

"म्हणजे दोन्हीकडे गैरहजर! कोण ठेवेल तुला कामावर?" सासूने तिचे डोळे पुसले. "आता कुलूप लावताना फक्त कुलूप लाव. काय काय कळतंय ते मला सांग."

सुनेने मला फिरवलं. "गार लागतंय. खट्ट वाजलं. तेलाचा वास येतोय. खाली कुणीतरी शिंकलं."

"बघ, केवढं काय चाललंय इथं!"

"पण आई, रस्त्यात धास्ती आली तर?"

"येणारच. हाकलू नकोस, हाकललेली शेळी शिंगं उगारते. आली म्हणायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि किल्लीचे दात अंगठ्याने मोजायचे."

काय सांगू, मला कोण गुदगुल्या!

पहिल्या आठवड्यात ती दोनदा माघारी आली. पुढे एकदाच. मग चार दिवस नाहीच, आणि पाचव्या दिवशी परत तीनदा. सासू म्हणाली, "असू दे, व्यायाम झाला." हळूहळू ती भांडी घासताना भांडीच घासायला लागली, जिना चढताना जिनाच चढायला लागली. रंगवताना एक श्वास, एक रेघ.

महिना संपला. मालकीणबाईंनी एक बाहुली हातात घेतली. "अगं, ही तर माझ्याकडेच बघतेय! हसतेय पण!"

सून कायम झाली. कारखान्यामागच्या दोन खोल्याही मिळाल्या, आणि नवऱ्याने ट्रक सोडून गावातल्या गावात टेम्पो धरला.

आज ती निघाली. मी घरमालकांच्या हातात आहे, उद्या नवं बिऱ्हाड येईल. त्यांना आणि तुम्हालाही एकच विनवणी: मला फिरवता तेव्हा घटकाभर माझ्यापाशी थांबा. मी लहान आहे, वेळ फार घेत नाही.

खाली टेम्पोत सासूने विचारलं, "वर काही राहिलं का गं?"

"काही नाही, आई," सून म्हणाली. "चला."