साडेतीन ते पाच

नवरा वारल्यावर मी जूनमध्ये डोंगरावरच्या न्जोंबे गावी धाकट्या भावाकडे राहायला आले. झकारिया लाकडाचा ट्रक चालवतो; महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. घरात आमची आई, भावाच्या दोन मुली आणि त्याची बायको ट्विलुम्बा. ती इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. मी पंधरा वर्षं बाजारात बटाटे विकलेले, त्यामुळे माझं तोंड कायम चालू. आणि ही बाई विचारल्याशिवाय बोलायची नाही.

पहिल्याच आठवड्यात आईनं माझे कान भरले.

"साडेतीनला हिची ड्यूटी सुटते. चालत आली तरी वीस मिनिटं. आणि ही उगवते पाचला. मधे कुठं असते?"

"तूच विचार ना."

"विचारलं. म्हणाली, बसते. कुठं, कुणाजवळ, काही नाही. युस्ता, तू जा आणि बघून ये."

खोटं कशाला बोलू, मलाही उत्सुकता होतीच. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळाच्या फाटकासमोर दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. ट्विलुम्बा बाहेर आली आणि थेट लाकडाच्या गिरणीकडे वळली. मी मागोमाग जाऊन ओंडक्यांच्या आडून बघू लागले. गिरणीमागे पाइनच्या फळ्या वाळत घालतात. त्या फळ्यांना पाठ टेकून ती उन्हात बसली. बूट काढले, मोजे काढले. पिशवीतून बाटली काढून टाचांना तेल चोळलं, सावकाश, एकेक बोट धरून. मग एक अवोकाडो कापला, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि खाल्ला. त्यानंतर तिनं काहीच केलं नाही. समोरच्या डोंगराकडे बघत बसून राहिली.

"ताई," मान न वळवता ती म्हणाली, "तिथं सावलीत गारठाल. इकडे या."

मी ओशाळून जवळ गेले. "मी सहज या बाजूला..."

"आईंनी पाठवलं असेल. बसा."

मी बसले आणि बडबडायला लागले. हवा, बटाट्याचं बी, शेजारणीचं भांडण. तिनं अर्धा अवोकाडो माझ्या हातात दिला. खाताना बोलता येत नाही, हे तिला ठाऊक असावं.

"रोज एकटीनं बसून काय मिळतं ग?" मी शेवटी विचारलं.

"दिवसभर बायका कळा देताना माझा हात धरतात. नखं रुततात. मी हात काढून घेत नाही. पण तोच हात घेऊन तडक घरी गेले, तर मुली अंगाशी आल्या तरी मला नको होतं. इथं बसलं की हात परत माझा होतो."

"मग घरी तसं सांग की."

"गप्प बसायला जाते असं सांगू? घरात काय कमी गप्प बसतेस, म्हणतील आई."

आई अगदी तेच म्हणाली असती. मी घरी येऊन सांगितलं, "बसते ती. एकटीच. अवोकाडो खाते." आईचा विश्वास बसायला आठवडा गेला. पुढे शेजारीण खोचकपणे सून कुठाय म्हणून विचारायला आली, तेव्हा आईच म्हणाली, "बसलीय. पाचला येईल. तुला काय काम होतं?"

मीही अधूनमधून गिरणीमागे जाऊ लागले. ट्विलुम्बाचं वर्ष माझ्याहून निराळं होतं. आमच्याकडे हिवाळा जुलैत; माझ्या लेखी तो म्हणजे नुसती थंडी. ती मात्र गवतावर पांढरं हिव पडलं की पहाटे मुलींचे मोजे चुलीच्या कडेला शेकायला ठेवायची, आणि आधी स्वतःचे. "माझे पाय गरम असले की मी कमी चिडते," म्हणायची. वाटाणा आला की पहिली मूठ शेतात उभ्यानंच कच्ची खायची. ऑगस्टच्या शेवटी पीचच्या काटक्यांवर गुलाबी कळ्या फुटल्या, त्या दिवशी ती मला घेऊन लांबच्या वाटेनं घरी आली, फक्त ते झाड बघायला. एकदा तिच्याशेजारी बसले असताना नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं. तिनं समजूत घातली नाही. थर्मासमधला चहा ओतला आणि माझं रडणं संपेपर्यंत थांबली.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघी मावशीकडून बसनं परत येत होतो. दाट धुकं होतं आणि पुढे रस्त्यात ट्रक आडवा पडलेला. बस अडकली, आणि मागच्या बाकावर एलिका न्यागावा नावाच्या मुलीला कळा सुरू झाल्या. सगळ्या बसभर आरडाओरडा. कोणी प्रार्थना करतंय, कोणी ड्रायव्हरला शिव्या देतंय. ट्विलुम्बा उठली. आवाज चढवला नाही.

"पुरुषांनी खाली उतरा. बायकांनी पाठ करून उभं राहा, आडोसा होईल. ताई, तुम्ही हिचं डोकं मांडीवर घ्या. आणि आता कोणी बोलू नका, मला हिचा श्वास ऐकायचाय."

सतरा बायका गप्प झाल्या. मीही. तासाभरानं बाळ रडलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून एलिका हसत होती आणि ट्विलुम्बा कोऱ्या खांग्यात, बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडात, मुलगी गुंडाळत होती. एवढा धीर ती कुठून आणते, हे मला त्या दिवशी कळलं.

बातमी गावोगाव गेली. चर्चच्या महिला मंडळानं रविवारी सत्कार ठरवला: गाणी, बोकड, भाषणं. ट्विलुम्बाचं जेवण सुटलं.

"दोनशे माणसं माझ्याकडे बघणार, ताई. बाळ पायाळू आलं असतं तरी इतकी घाबरले नसते."

"मग जाऊन नाही म्हण."

ती गेली, मी सोबतीला. मंडळाच्या प्रमुख म्गाया बाई, आवाज माझ्याहून मोठा.

"सत्कार नको," ट्विलुम्बा म्हणाली. "बसमधल्या प्रत्येकीला मी भेटेन. पण एकेकीच्या घरी. शनिवारी एक."

"म्हणजे मान घ्यायचा तोही तुझ्या सवडीनं?"

"हो."

मला हसू आवरेना.

त्या शनिवारपासून ती खरंच जाऊ लागली. बुटक्या स्टुलावर बसायची, एखादं विचारायची आणि ऐकायची. एका म्हातारीनं तिला आपल्या जन्मतःच गेलेल्या तीन मुलांबद्दल सांगितलं. चाळीस वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं. दर शनिवारी परतताना ट्विलुम्बा वाटेतल्या ओढ्यात पाय सोडून थोडा वेळ बसायची, मगच घरी. नोव्हेंबरात म्गाया बाई आमच्या दारात आल्या. त्या बसमध्ये नव्हत्याच.

"माझा नंबर कधी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"जानेवारीत," ट्विलुम्बा म्हणाली. "चालेल?"

"चालेल."

म्गाया बाईंनंतर एलिकाचं घर शेवटचं होतं. पाऊस लागला होता. बाळाला तिनं ट्विलुम्बाच्या मांडीवर दिलं आणि माझ्यासमोर पीचची टोपली ठेवली. बाळ झोपलं, तसं तिघींचं बोलणं थांबलं. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. आम्ही पीच खाल्ले, बिया एका बशीत गोळा केल्या, आणि मी तासभर एक अक्षर बोलले नाही. ट्विलुम्बानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि टोपलीतल्या सगळ्यांत पिकलेल्या पीचची अर्धी फोड माझ्या हातात ठेवली.