उघड्यांचा मोर्चा

“याला कपडे घाला,” भिंतीवरच्या चित्रातल्या एका तरुणाकडे बोट करून ती चित्रकाराला म्हणाली.

चित्रकार हसायला लागला, पण तिचा चेहरा बघून गप्प झाला. नवरा गेल्यावर कलाशाळेत विद्यार्थ्यांसमोर उघडी बसून तिनं घर चालवलं होतं. मुलाला वाटायचं, आई तिथं झाडलोट करते. गेल्या महिन्यात या चित्रकारानं काढलेलं तिचं उघडं पाठमोरं चित्र प्रदर्शनात लागलं आणि गाव पेटलं. आयाबहिणींच्या अब्रूच्या घोषणा देत मोर्चा आत घुसला. चित्र फाडणाऱ्यांत सगळ्यांत पुढे तिचाच मुलगा होता. घरी येऊन जेवताना त्यानं तोऱ्यात सांगितलं, की आज कुणाच्या तरी आईची लाज राखली. तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं.

चित्रकारानं मग वर्तमानपत्रातला फोटो समोर ठेवून अख्खा मोर्चाच रंगवला आणि त्याच प्रदर्शनात लावला. चेहरे तेच, वळलेल्या मुठी त्याच, अंगावर मात्र कुणाच्या चिंधीही नाही. आणि सगळे मिळून एका दगडी पुतळ्याला विजार चढवताहेत. लोक पोट धरधरून हसले. टायरच्या दुकानात मुलाला ‘नागोबा’ म्हणू लागले. मालकानंही त्याच नावानं हाक मारली, तेव्हापासून तो कामावर गेला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला हाक मारली तरी वळायचा नाही.

“अहो बाई, तुमचं चित्र फाडलं ते यानंच,” चित्रकार म्हणाला.

“माहीत आहे. मुलगा आहे तो माझा.”

चित्रकारानं हलक्या आवाजात विचारलं, फाडलेलं चित्र कुणाचं होतं हे मुलाला ठाऊक आहे का. तिनं नकारार्थी मान हलवली.

“मी बसले ती माझ्या राजीखुशीनं बसले. याला विचारलं होतंत का तुम्ही?”

त्यानं रंग कालवले. तिनं सांगितला तसा निळा शर्ट काढला, काळी पँट काढली. गळ्याचं बटणही लावलं.

दुसऱ्या दिवशी ती बघायला गेली. एवढ्या नागड्यांत कपडेवाला एकटाच. लोक नेमके त्याच्यापाशी थांबत होते, एकमेकांना दाखवत होते आणि आधीपेक्षा जास्त हसत होते.

गर्दीतून वाट काढत ती पुढे गेली आणि चित्रातल्या मुलाच्या चेहऱ्यासमोर, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, जरा बाजूला व्हा, दिसत नाही.

ती हलली नाही.