पिवळा, जांभळा आणि बुडालेला गुरुवार

देश रसातळाला चालला आहे, याबद्दल टेलरकाकूंची काही तक्रार नव्हती. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हाही तो तिकडेच चालला होता. सासरे रोज सकाळी चहाबरोबर तसं सांगत. सासरे गेले, देश अजून पोचलेला नव्हता. काकूंची तक्रार वेगळीच होती. देशापायी त्यांचा गुरुवार बुडाला होता.

गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर फर्माइशीच्या गाण्यांचा तास असे. त्या तासाला काकूंचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात येऊन बसत. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. दोघांची दोस्ती जुनी. लेक त्या घरात दिली तीसुद्धा गाण्याची बैठक मोडू नये म्हणून, असं काकू चारचौघांत सांगत. एक जुनं गाणं दर गुरुवारी हटकून लागे. त्यात नावाडी म्हणतो, बस होडीत. उतारू म्हणतो, होडी गळकी आहे. मास्तर नावाडी, व्याही उतारू. मास्तरांचा आवाज फाटका, व्याह्यांचा नाकातला. दोघं मिळून गायला लागले की कोण जास्त वाईट गातो हे कळेनासं होई. काकू काज करता करता ऐकत. आठवड्यातला तेवढा एकच तास असा होता, की त्यांच्या डोक्यात काही म्हणता काही नसे.

मग निवडणूक आली. मास्तर पिवळ्या पक्षाचे, व्याही जांभळ्या पक्षाचे. लेकीकडे जेवायला गेले असताना मास्तर म्हणाले, जांभळ्यांनी देश विकला. व्याही म्हणाले, पिवळ्यांनी विकायला ठेवलाच कुठे होता? दोघेही भरल्या ताटावरून उठले. मास्तर तर हातात पोळी तशीच घेऊन घरी आले. तेव्हापासून तोंड पाहणं बंद. निवडणूक होऊन गेली, दुसरी तोंडावर आली, तरी रुसवा संपेना. लेक फोनवर म्हणाली, "आई, मला दोन बाप मिळाले आणि दोन्ही कामातून गेलेले."

त्यातच दुकानात झेंड्यांचं काम आलं. दोन्ही पक्षांचं. गावात एवढ्या घाईत एवढं शिवून देणारं दुसरं दुकान नव्हतं. झेंडा सोपा होता: वर पक्षाच्या रंगाची पट्टी, खाली पांढरी, दोन्ही जोडायच्या की झालं. पण मास्तर म्हणाले, जांभळ्या कापडाला मी हात लावणार नाही. म्हणून त्यांनी पिवळा गठ्ठा आपल्या बाजूला ठेवला, जांभळा काकूंच्या बाजूला सरकवला आणि पांढरा मागच्या फळीवर टाकला.

"आणि जांभळ्याचे पैसे कोण घेणार?" काकूंनी विचारलं.

"पैशाला मी हात लावीन," मास्तर म्हणाले.

त्या घरात शिवण गाण्यावर चाले. मास्तर मशीनवर, काकू समोर. गाण्याची एक ओळ संपली की मास्तर आपली पट्टी सुईखाली धरत, पुढची ओळ संपली की काकू आपली पट्टी तिच्यावर ठेवत, आणि मशीन पळे. इतक्या वर्षांत हातांना याची एवढी सवय झाली होती की डोळ्यांना फारसं काम उरलं नव्हतं. व्याही यायचे बंद झाल्यापासून मात्र मास्तर मुके शिवत, आणि एकदोन गिऱ्हाइकांच्या विजारींचा एक पाय दुसऱ्याहून आखूड निघाला होता.

झेंडे न्यायला माणसं येणार होती तो दिवस नेमका गुरुवार निघाला, आणि शिवण अजून सुरूही झालं नव्हतं. काकूंनी मुद्दामच रेडिओ लावला. होडीचं गाणं लागलं. मास्तरांनी बराच वेळ दात आवळून धरले, पण पाय तालावर पडायला लागले आणि तोंडून नावाड्याची ओळ निसटलीच. मग ते थांबले, कारण पुढची ओळ व्याह्यांची. रेडिओतला उतारू गात होता, पण रेडिओतल्या माणसाचा आवाज चांगला. त्याला काय अर्थ? मास्तरांचा चेहरा असा पडला की काकूंना राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडून उतारूची ओळ म्हटली. अगदी नाकातून.

मास्तरांनी चमकून वर पाहिलं. पण पाय थांबला नाही.

मग काय विचारता! रेडिओवर गाणं संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं, या दोघांची होडी आपली चाललीच होती. मास्तरांची ओळ, मास्तरांची पट्टी. काकूंची ओळ, काकूंची पट्टी. पिवळ्या पक्षाचा माणूस आला, जांभळ्याचा आला. मास्तरांनी गातगातच झेंडे गुंडाळले, अर्धे याला, अर्धे त्याला, वर्तमानपत्रात बांधून दिले. मास्तरांची नजर अधू होती अशातला भाग नाही. ते त्या वेळी दुकानात नव्हतेच, होडीत होते.

सकाळी काकू झाडू मारायला दुकानात आल्या आणि फळीवर पांढरा गठ्ठा जसाच्या तसा दिसला. त्या झाडू घेऊनच उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आपण काल काय शिवलं?"

मास्तरांनी रस्त्यावर डोकावून पाहिलं. चौकापर्यंत प्रत्येक खांबावर वर पिवळा, खाली जांभळा असे झेंडे फडफडत होते. बहिणीच्या गावाची गाडी किती वाजता आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. काकूंना वेगळीच भीती. आता हे व्याह्यांच्या कानावर गेलं, की मास्तरांनी मुद्दाम जांभळ्यांच्या झेंड्यात पिवळं घुसडलं असंच ते म्हणणार. मग गुरुवार कायमचाच गेला.

पण दुपारपर्यंत कुणी आलंच नाही. मग बातम्या येऊ लागल्या. पिवळ्यांच्या स्थानिक अध्यक्षांनी झेंडा पाहिला आणि त्यांना वाटलं, वर युती ठरली आणि आपल्याला कुणी विचारलं नाही. हे कबूल कसं करायचं? ते म्हणाले, मला कधीचं माहीत आहे. जांभळ्यांचे अध्यक्ष म्हणाले, मला त्याच्याही आधीपासून. दुपारी दोघांनी चौकात एकमेकांना मिठी मारली. तो फोटो वर गेला, आणि वरच्यांना वाटलं खालच्यांनीच ठरवलं असेल. लोकांना आवडलेलं दिसतं, कशाला मोडा? संध्याकाळी वरच्यांनीही मिठी मारली.

दिवेलागणीला दुकानाच्या दारात व्याही उभे. इतक्या महिन्यांनी. काखेत खांबावरून काढलेला एक झेंडा, चेहरा कुणीतरी गेल्यासारखा. मास्तर कपाटाआड सरकायला लागले, पण व्याही भांडायला आले नव्हते. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, आपल्या दोघांनाही फसवलं. ज्यांच्यासाठी मी तुमच्याकडलं पाणी सोडलं ते आता तुमच्याच लोकांच्या गळ्यात पडले. देश संपला.

मास्तर बाहेर आले. तेही म्हणाले, संपला. इतक्या दिवसांनी दोघांचं एकमत झालं. काकूंनी सुस्कारा सोडला.

पण घड्याळजीचा हात स्वस्थ बसतो कुठे? बोलता बोलता व्याह्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि झेंड्याची शिवण पाहायला लागले. पाहत पाहत कोपऱ्यापाशी थांबले. मग भिंग काढलं, फळीवरचा पांढरा गठ्ठा पाहिला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "इथे शिवलेल्या माझ्या प्रत्येक सदऱ्याला शेवटी अशीच गाठ असते."

लपवण्यात अर्थ नव्हता. काकूंनी सगळं सांगितलं: गाणं, ओळी, पट्ट्या. उतारूची ओळ नाकातून म्हटली तेही सांगितलं. मास्तर खाली मान घालून मशीनला तेल घालत बसले, तेल जमिनीवर ओघळायला लागलं तरी.

आणि मग व्याह्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी खांदे हलले. मग भिंग हातातून पडलं. ते इतके हसले की स्टूल मागे गेलं आणि मास्तरांनी धरलं म्हणून वाचले. "आम्ही ताटावरून उठलो," ते डोळे पुसत म्हणाले, "देश कोण चालवतो यावरून. आणि तो चालवताय तुम्ही, पायमशीनवर."

त्या आठवड्यात गुरुवार शुक्रवारी आला. रेडिओ न लावता मास्तरांनी नावाड्याची ओळ घेतली. व्याह्यांनी उतारूच्या ओळीसाठी तोंड उघडलं, तर काकूंनी हात वर केला.

"उतारू आता मी आहे. तुम्ही दोघं नावाडी व्हा."

"अहो, पण माझी ओळ—"

"तुम्ही ती सोडून गेला होतात," काकू म्हणाल्या. व्याही उठून मास्तरांच्या बाजूला जाऊन बसले.

पांढऱ्या गठ्ठ्याचे काकूंनी उशांचे अभ्रे शिवले, अर्धे लेकीला दिले. पुढे युती अर्थातच मोडली आणि दोन्ही पक्षांची माणसं वेगवेगळे झेंडे मागायला पुन्हा आली. काकूंनी काम घेतलं. फक्त गुरुवारी मिळणार नाहीत म्हणून सांगितलं.