दुसरी चावी

माझी थोरली जाऊ सुगंधा देवबागला राहते. घरापुढे समुद्र, घरामागे खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूत पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. मोठे दीर मंगेश पर्यटकांना होडीतून फिरवतात, खोल्या ती बघते. गेल्या डिसेंबरपर्यंत मी तिला फक्त हाताला चव असलेली बाई समजत होते, हे कबूल केलं पाहिजे.

क्रूझची कल्पना माझी. सासूबाईंना पंचाहत्तरावं लागलं होतं. जन्म समुद्राच्या काठावर गेला, पण खाडी ओलांडणाऱ्या होडीपलीकडे त्या कधी कशात बसल्या नव्हत्या. मी डोंबिवलीत बसून मुरगाव ते मुंबई आणि परत अशा सफरीच्या तीन केबिन बुक केल्या. माणसं सात: सासूबाई, सुगंधाताई, तिची सतरा वर्षांची संचिता, मी, माझा नवरा दत्तप्रसाद आणि आमची दोन मुलं, सोळा वर्षांची रिया आणि तेरा वर्षांचा देवेश. ऐन हंगामात मंगेशभावोजींना होडी सोडून येता येणार नव्हतं.

बुकिंग झालं त्याच दिवशी घरात भांडण पेटलं.

"मला आणि संचिताला वेगळी केबिन हवी," रिया म्हणाली.

"समुद्रात? अजिबात नाही. तू आमच्या खोलीत झोपायचं," दत्तप्रसाद म्हणाला.

"मग मी येतच नाही."

तिचा राग नुसता केबिनचा नव्हता. जूनमध्ये तिचे मार्क घसरले तेव्हा दत्तप्रसादने स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्या खोलीची आतली कडीच काढून टाकली होती. तेव्हापासून बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं होतं. मी दोघांच्या मधे उभी राहून दमले होते. शेवटी मी सुगंधाताईला फोन केला आणि फोनवरच रडले.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अपेक्षा, तू सगळ्यांका घेवन दोन दिस आधी हयसर ये. मी खोल्ये कोणाक देणय नाय. काय ता हयच ठरवया."

आम्ही गेलो. दुपारची जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना पडवीत बसवलं आणि तिन्ही खोल्यांच्या चाव्या समोर ठेवल्या. प्रत्येक खोलीच्या दोन.

"ही आपली बोट," ती म्हणाली. "दोन दिस हयच ऱ्हवाचा. मधली खोली चेडवांची, रियाची आणि संचिताची. एका बाजूक भावजी, अपेक्षा आणि देवेश, दुसऱ्या बाजूक मी आणि आई."

रियाचा चेहरा उजळला. दत्तप्रसादचा पडला. त्याने हात पुढे केला. "बरं. मग त्यांची दुसरी चावी माझ्याकडे द्या, वयनी."

"ती तुमका नाय. दुसरी चावी कोणाकडे ऱ्हवात ता चेडवांनीच सांगूचा."

"असं कसं? मी बाप आहे."

ताई हसली नाही, चिडलीही नाही. पाहुण्यांना भरती-ओहोटीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली, "भावजी, धा वर्सां मी ह्या खोल्ये चालवतंय. दर आठवड्याक कोणाची तरी मोठी झालेली पोरां येतत. आवशी-बापाशीकडे चावी दिली काय पोरां आतसून कडी घालतत. मग चावयेचो उपेग काय? त्येंनी आपणहून दिली, तर कडी घालणत नाय."

सगळे रियाकडे बघायला लागले. संचिताने कोपर मारलं. रिया चावीला बांधलेला लाकडी तुकडा उलटसुलट करत म्हणाली, "आजीकडे."

"आजीकडे का गं?" मी विचारलं.

"ती दार वाजवते."

दत्तप्रसाद उठून माडांकडे निघून गेला.

त्या दोन दिवसांत काय काय झालं! देवेश पहिल्याच दिवशी चावी आत ठेवून दार ओढून बाहेर आला. दुसरी चावी त्याच्या बाबांकडे, आणि बाबा खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत चालत गेलेले. तो धावत ताईकडे आला, पण ती मदतीला उठली नाही. "बोटीर मी खंय सापडतलंय तुका?" म्हणाली. भर उन्हात वाळू तुडवत तो संगमापर्यंत गेला आणि परत आला. नंतर त्याचा हात सारखा खिशावर असे. मुलींना तिने एवढंच सांगितलं, की बाहेर पडताना कुठे जातोय ते आजीला सांगायचं, परवानगी मागायची नाही. आश्चर्य म्हणजे त्या सांगायच्या. मला कधी न सांगणारी रिया आजीच्या कानाशी वाकून सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुली कानात हेडफोन घालून गाणी ऐकत पडल्या होत्या. सासूबाई दारावर टकटक करत उभ्या. एकदा, दोनदा, तीनदा.

दत्तप्रसादने पाहिलं. "आये, चावी आसा मा तुज्याकडे!"

"आसा," त्या म्हणाल्या. "म्हणान काय दार उघडूचा?"

आणि त्या तिथेच पायरीवर बसून राहिल्या, मुली बाहेर येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुडाळला हायवे पकडून आम्ही मुरगावला पोचलो. आता सगळं सुरळीत होईल असं वाटत असतानाच माझी चूक बाहेर आली. दोन केबिन मी नंबर बघून घेतल्या होत्या. तिसरी घेताना "नंबर नंतर कळेल" असं लिहिलेलं होतं, आणि मी गृहीत धरलं होतं की शेजारचीच मिळेल. हातात केबिनची चावी म्हणून पत्र्यासारखी चकचकीत कार्डं पडली तेव्हा कळलं, की दोन केबिन सातव्या मजल्यावर मागच्या टोकाला आहेत आणि तिसरी चौथ्या मजल्यावर पार पुढे. बोट भरलेली होती, बदलून मिळणार नव्हती. त्यात काउंटरवरच्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस लागतंच, आणि संकटाच्या वेळी कोणी कुठे जमायचं त्याचं अक्षर केबिनप्रमाणे कार्डावर छापलेलं असतं. कागदावर एक आणि झोपायला दुसरीकडे, असं करू नका.

देवबागला ठरवलेलं सगळं वाया गेलं होतं. दत्तप्रसाद म्हणाला, "आता मुली आमच्याबरोबर. विषय संपला." रियाने पाठ फिरवली.

ताईने आपली पर्स खाली ठेवली. "रिया, संचिता, हंय येवा. एक मोठा माणूस तुमच्या खोलयेत होयाच. कोण होया?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. "आजी," एकदम म्हणाल्या.

"आई, चलात?"

"माका खिडकीकडची खाट होयी," सासूबाई म्हणाल्या.

"देवेश माझ्याबरोबर शेजारच्या खोलयेत. आणि भावजी, तुमी दोघां जावा चवथ्या माळयार."

"आम्ही लांब?" दत्तप्रसाद जवळजवळ ओरडला. "मुलं एकीकडे आणि आईबाप बोटीच्या दुसऱ्या टोकाला?"

"तुमी लांब ऱ्हवल्यार काय बिघडणा नाय. पोरां माझ्या हाकेर आसत."

मग ती काउंटरकडे वळली. मुलगी मडगावची होती, ताईची मालवणी ऐकून कोंकणीत बोलायला लागली. ताईने सातही कार्डं परत दिली आणि सांगितलं, की जो जिथे झोपणार त्याचं नाव तिथेच घाल, आणि मुलींच्या केबिनची कार्डं तीनच काढ. मागे रांग खोळंबली होती, माणसं कुरकुरत होती. ती हलली नाही. नवीन कार्डं आल्यावर एकेक डोळ्यांजवळ धरून तिने नाव आणि अक्षर वाचलं, मगच वाटलं. पाहुण्यांना रोज चावी देणारी बाई होती ती. मी तिच्या शेजारी उभी होते आणि पहिल्यांदाच तिला काम करताना बघत होते.

बोट सुटायच्या आधी, चारच्या सुमाराला, संकटाच्या वेळी जमायचा सराव होता. तसं सांगितलेलं होतं. तरी सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला तेव्हा दत्तप्रसादचं भान सुटलं. "मुलं!" म्हणून तो जिन्याकडे धावला, मागून मी. लोक खाली उतरत होते, आम्ही वर चढत होतो. सातव्या मजल्यावर पोचून त्याने दोन्ही दारं बडवली. आतून काही उत्तर नाही.

"कुठे गेल्या असतील? आईचे गुडघे... लिफ्ट बंद आहे..." त्याला धाप लागली होती. तेवढ्यात बोटीवरचा एक माणूस आला, आमची कार्डं बघितली आणि आम्हाला सरळ खाली पिटाळलं. आम्ही उतरत असताना स्पीकरवरून आमची नावं ऐकू आली. दत्तप्रसाद केळुसकर आणि अपेक्षा केळुसकर, जिथे असाल तिथून आपल्या जागी या. पुन्हा एकदा. सगळ्या बोटीवर.

सराव संपल्यावर वरच्या डेकवर आमची माणसं सापडली. मुलींनी आजीला दोन्ही बाजूंनी धरून एकेक पायरी करत जिना उतरवला होता, देवेश तिच्या चपला हातात घेऊन पुढे चालला होता. ताई सगळ्यांच्या मागे. पाचही जण वेळेवर आपल्या अक्षराखाली उभे होते.

"बाबा," रिया म्हणाली, "अख्ख्या बोटीवर फक्त तुम्ही दोघं हरवला होतात."

मला वाटलं, आता हा भडकणार. पण दत्तप्रसाद हसायला लागला. इतका हसला, की त्याला कठडा धरावा लागला. मग त्याने रियाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आजीला किती पायऱ्या झाल्या?"

"एकशे आठ. मी मोजल्या. मधे तीनदा बसवलं तिला."

"बरं केलंस," तो म्हणाला. रिया त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. बोट धक्क्यापासून सुटेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढचे दोन दिवस मी मुलांना शोधत फिरले नाही. जेवायला सगळे ठरल्या वेळी येत. आम्हा नवराबायकोला तर सोळा वर्षांनी एक अख्खी खोली मिळाली होती. पहिल्या दिवशी काय बोलावं तेच कळेना.

परतीच्या वाटेवर, सकाळी नाश्ता झाल्यावर मी ताईला शोधत डेकवर गेले. ती आरामखुर्चीत गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, केस वाऱ्याने विस्कटलेले. शेजारी दत्तप्रसाद बसला होता. त्याने आपला टॉवेल तिच्या पायांवर पसरला होता.

"उठवू नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. "वीस वर्षांत वयनींना झोपलेलं मी आज पहिल्यांदा बघतोय."

मी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या पलीकडे बसले.