बेकरीवाल्याचा पाय

सर्जनसाहेबांना कापायची हौस दांडगी. बेकरीवाल्याच्या नडगीवर फोड फुटून जखम झाली, ती सडतेय म्हणत त्यांनी कड कापली. जखम वाढली, म्हणून पुन्हा कापली. दर खेपेला कापलेल्या जागेच्या पुढे जांभळी कड हजर. आता गुडघ्याखालून पाय काढायचा बेत होता. दिवसभर भट्टीसमोर उभं राहून पोट भरणारा माणूस तो, पण साहेबांना त्याचं काय! कातडीच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी निव्वळ सहीपुरतं बोलावलं होतं. साहेब पाठीमागे आपल्याला ‘मलमवाली’ म्हणतात हे बाईंना ठाऊक होतं. त्याही मनातल्या मनात त्यांना खाटीक म्हणत, तेव्हा फिटंफाट होती.

बाईंनी पाय पाहिला आणि मग हात. सलाईनची सुई टोचली होती तिथेही तसाच फोड, तशीच जांभळी कड. जंतू रक्तातून पसरलेत, साहेबांनी निकाल दिला. तपासणीत ते एकदाही का सापडले नाहीत, असं बाईंनी विचारलं, तर म्हणे लपून बसतात. एवढा शिकलेला माणूस इतकं बिनडोक बोलतो, बाईंना त्याची कीवही आली नाही.

त्यांनी बेकरीवाल्याला पोटाचं विचारलं. शौचातून अधूनमधून रक्त जातं, तो म्हणाला, कैक वर्षं झाली. पायासाठी आलेल्यानं पोटाचं कशाला सांगायचं? आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

मग बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. ही सड नव्हेच. शरीर स्वतःवरच उलटलंय, आधी आतड्यात, आता कातडीत, क्वचित होतं असं, आणि टोचलं-कापलं की ते आणखी भडकतं. कडेचा तुकडा तपासून बाकीच्या शंका फेडू, स्टेरॉइड देऊ, त्यापुढे मात्र सुरीला हात लावायचा नाही.

“पाय गेला तर तुमच्या नावावर,” साहेब म्हणाले.

“चालेल. आतापर्यंतचं तुमच्या नावावर.”

तुकड्यातही जंतू निघाले नाहीत. औषध सुरू झालं, कड जागीच थांबली आणि हळूहळू जखमेत लाल मांस भरू लागलं. तेव्हा साहेब फेरीवर आले आणि शिकाऊ डॉक्टरांसमोर नाकाने कांदे सोलू लागले, की वेळीच साफसफाई केली म्हणून पाय वाचला. बाई तोंड उघडणार तोच बेकरीवाला उठून बसला.

“साहेब, कापलं की ते वाढायचं. मग कापत का होता?”

“तेव्हा सडल्यासारखंच दिसत होतं.”

“दर वेळी?”

साहेबांनी चादर त्याच्या पायावर ओढली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. बेकरीवाल्यानं ती बाजूला सारली.